पावसात फ्री डिशचं चित्र जातं: एलएनबी बदलण्याआधी वेळ लिहून ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवरूखजवळ गावच्या घरी आई-वडील दोघंच असतात. एप्रिलमध्ये तुम्ही त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश बसवून घेतलीत आणि मे अखेरपर्यंत चित्र स्वच्छ होतं. जूनच्या मध्यापासून चौकोन पडून चित्र थांबतं आणि 'नो सिग्नल' येतं. पाऊस थांबला तरी अर्धा-अर्धा दिवस परत येत नाही. माणूस दोनदा येऊन एलएनबी (डिशपुढच्या दांड्यावर बसतो तो, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा छोटा भाग) बदलून गेला. सेट-टॉप बॉक्सवर सिग्नल ८५ टक्के दिसतो. आता तो बॉक्स बदला म्हणतोय. बदलावा का?

बदलू नका. निदान अजून तरी नाही.

कोकणात बावीस वर्षं मी हेच काम करतोय. आधी छपरावरचे ॲल्युमिनियमचे अँटेने, मग छत्र्या, म्हणजे डिश. या कामात सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते चांगल्या वस्तू बदलण्यात. दोष नेमका कशात आहे हे वस्तू बघून कळत नाही. चित्र कधी जातं आणि कधी परत येतं, हे बघितलं की बहुतेक वेळा कळतं. म्हणून फोनवर मी पहिल्यांदा बॉक्सची कंपनी विचारत नाही, वेळ विचारतो. तुमच्या बाबांना एका वहीत तीन रकाने आखायला सांगा: गेलं किती वाजता, आलं किती वाजता, आणि तेव्हा बाहेर ऊन, पाऊस की वारा. चार दिवसांची नोंद माझ्या मीटरपेक्षा जास्त सांगते.

ती नोंद वाचायची कशी, ते सांगतो.

मुसळधार सर आली, चित्र गेलं, सर ओसरल्यावर पाच-दहा मिनिटांत आलं, तर तो दोष नव्हे. फ्री डिशचे चॅनल साधारण ११ गिगाहर्ट्झच्या आसपास येतात. त्या लहरींची लांबी पावणेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेर असते, आणि पावसाचे मोठे थेंब तिला चांगलेच शोषतात आणि विखुरतात. आपल्याकडच्या आषाढातल्या सरीपुढे साठ सेंटिमीटरची छत्री अधूनमधून हरणारच. नेम अगदी बरोबर असेल तर ती कमी वेळा हरते, एवढंच आपल्या हातात असतं.

पाऊस थांबून उन्हं पडली तरी चित्र येत नाही, आणि दोन दिवस उघडीप मिळाली की आपोआप येतं, तर पाणी आत शिरलंय. एलएनबीच्या तोंडाशी, कनेक्टरमध्ये किंवा केबलच्या जोडात.

वाऱ्याबरोबर जात-येत असेल तर बोल्ट सैल आहेत किंवा पाइप हलतोय. दुपारी तापल्यावर जातं आणि संध्याकाळी येतं, तर मात्र एलएनबीवर संशय घ्यावा. स्वस्त एलएनबीतला फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग उष्णतेने सरकतो. टीव्ही लावल्यावर तासाभराने जातं आणि बॉक्स बंद करून थंड केला की येतं, तर बॉक्सचा अडॅप्टर थकलाय. एलएनबीला वीज बॉक्सच देतो, १३ किंवा १८ व्होल्ट. ती कमी पडली की एलएनबी झोपतो. गावाकडे व्होल्टेजची रड कायम असते, त्यामुळे हा दोष वाटतो त्यापेक्षा बराच जास्त सापडतो, आणि अडॅप्टर बॉक्सच्या मानाने फार स्वस्त मिळतो.

तुमच्याकडे 'पाऊस थांबला तरी अर्धा दिवस' हे लक्षण आहे. म्हणून माझा पहिला संशय पाण्यावर. दुसरा संशय मात्र एप्रिल या महिन्यावर आहे. त्याकडे नंतर येतो.

आधी त्या ८५ टक्क्यांचा गैरसमज दूर करतो. बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत किती जोर पोहोचतोय, मग तो उपग्रहाचा असो की एलएनबीचा स्वतःचा गोंगाट. छत्री भलत्याच आकाशाकडे फिरवून ठेवली तरी पुष्कळ बॉक्स साठ-सत्तर टक्के स्ट्रेंग्थ दाखवतात. त्यातलं समजण्यासारखं किती, ते क्वालिटी सांगते. स्ट्रेंग्थ ८५ आणि क्वालिटी शून्य, याचा अर्थ एलएनबीला वीज मिळतेय, केबल तुटलेली नाही, पण उपग्रह सापडत नाही किंवा मध्ये काहीतरी आहे. आकडे बॉक्सगणिक वेगळे असतात, म्हणून दुसऱ्याच्या घरच्या आकड्याशी तुलना करू नका. कोरड्या, स्वच्छ दिवशी तुमच्याच बॉक्सवर क्वालिटी किती होती ते लिहून ठेवा आणि पुढे त्याच्याशीच ताडून बघा.

जुन्या अँटेन्याच्या काळात सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या. मुंग्यांतूनही बातम्या दिसायच्या, आणि मुंग्या वाढल्या की लोक अँटेना फिरवायचे. डिजिटलमध्ये ती पूर्वसूचनाच नाही. क्वालिटी हळूहळू घसरत असते, तरी चित्र शेवटपर्यंत लख्ख दिसतं आणि एका ठिकाणी एकदम कोसळतं. त्यामुळे 'मे महिन्यात चित्र एकदम छान होतं' यावरून नेम बरोबर होता असं ठरत नाही. कदाचित तेव्हाही तो काठावरच असेल.

आता पाणी. एलएनबीपाशी जो पितळी किंवा निकेलचा कनेक्टर पिळून बसवलेला असतो, तो उघडून बघा. आतली तांब्याची तार काळी-हिरवी पडली असेल, तिच्याभोवतीची धातूची जाळी पांढरट भुगा झाली असेल, तर दोष तिथेच आहे. ते टोक पुसून परत लावू नका. एक वीतभर केबल कापा, आत स्वच्छ चकचकीत तार दिसेपर्यंत मागे या आणि नवा कनेक्टर लावा. जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये, नाहीतर बॉक्स 'शॉर्ट' दाखवून एलएनबीची वीजच तोडतो. एलएनबीपासून निघाल्यावर आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकेल, आत शिरणार नाही. वर ताणून गुंडाळली की एकजीव होते ती रबरी टेप लावा. विजेच्या कामाची साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते. आणि व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन कधीही तिथे भरू नका, तो तांबं खातो. कॅरीबॅग बांधण्याची पद्धत तर मला बघवत नाही. पिशवीत दमट हवा कोंडते आणि एलएनबीच्या तोंडावर पाण्याचा पातळ थर बसतो. तो थर सिग्नलला भिंतीसारखा आडवा येतो.

केबलमध्ये वाटेत कुठे जोड आहे का, हे बाबांना विचारा. दोन तारा पिळून टेप गुंडाळलेला जोड असेल तर तो पहिला आरोपी. खराब केबलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीचं नुकसान जास्त होतं. म्हणून काही चॅनल जातात आणि काही टिकतात, आणि लोक म्हणतात 'चॅनलच बंद झालं'. एलएनबीपासून बॉक्सपर्यंत एकच अखंड आरजी-६ (डिशसाठी वापरतात ती जाडसर गोल) केबल हवी.

पाणी शिरतंय की नाही याची खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. उघडीप असलेल्या दिवशी टीव्ही चालू ठेवा, क्वालिटीची पट्टी पडद्यावर आणा आणि कुणाला तरी एलएनबीच्या कनेक्टरवर तांब्याने हळूहळू पाणी ओतायला सांगा. दहा मिनिटांत पट्टी घसरली तर चोर पकडला. हे फक्त हात पोहोचत असेल तरच. ओल्या कौलांवर कुणालाही चढवू नका. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या कौलावरून पडलेली माणसं मी बघितली आहेत. टीव्हीसाठी तेवढी किंमत मोजायची नसते.

आता दुसरा संशय. तुम्ही लिहिलंय की घरामागे सागाची झाडं आहेत आणि डिश एप्रिलमध्ये बसवली. एप्रिलमध्ये साग उघडा असतो. पानगळ होऊन नुसत्या काठ्या उरलेल्या असतात आणि त्यांतून सिग्नल आरपार येतो. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर सुपाएवढी पानं फुटतात, ती ओली होतात, आणि ओलं पान सिग्नलला पाण्याच्या पडद्यासारखं अडवतं. सगळे पावसाला दोष देतात. पाऊस आणि पानं एकाच आठवड्यात येतात, म्हणून फसगत होते. सागाच्या बागेजवळ उन्हाळ्यात बसवलेली डिश आणि जूनमध्ये आलेली तक्रार, ही जोडी मी दरवर्षी बघतो. पानातून नुसतं पाणी निथळलं म्हणजे भागत नाही, पान सुकावं लागतं. तुमचा 'अर्धा दिवस' त्यालाही जुळतो.

मग ही झाडं डिशच्या वाटेत आहेत की नाहीत? इथे बहुतेक लोक चुकतात, आणि कधीकधी चुकीचं झाड तोडतात. संगमेश्वरच्या बाजूला एका घरी मी पोहोचण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी हापूसची एक मोठी फांदी उतरवली होती. छत्री थेट तिच्याकडे 'बघत' होती म्हणून. ती फांदी वाटेत नव्हतीच. मला आजही त्या फांदीचं वाईट वाटतं.

असं का होतं ते समजून घ्या. आपल्या घरांवरच्या छोट्या डिशमध्ये एलएनबी मधोमध नसतो, खालच्या बाजूने आलेल्या दांड्यावर असतो. अशी छत्री जिथे तोंड करून उभी दिसते, त्यापेक्षा साधारण २५ अंश वर तिचा खरा नेम असतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातून तो सोडला, आणि तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून तो क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर आहे. मुंबईतून साडेसत्तावन्न, पुण्यातून पावणेएकोणसाठ, नागपुरातून साठ. छत्री मात्र ३४ अंशांवर बघत असल्यासारखी दिसते. म्हणून समोरच्या झाडाच्या मध्यावर नेम आहे असं वाटतं, प्रत्यक्षात तो शेंड्याच्या बराच वरून जात असतो.

दिशा म्हणाल तर आग्नेय. घरातल्या जुन्या माणसांना अंश सांगण्यापेक्षा 'चुलीचा कोपरा' म्हटलेलं पटकन कळतं. कोकणातून नेम नेमक्या आग्नेयेपेक्षा थोडा पूर्वेकडे, उत्तरेपासून मोजला तर १२८-१२९ अंशांवर. नागपुरातून तो दक्षिणेकडे झुकतो, १४४ च्या जवळ. मोबाइलमधलं होकायंत्र वापरत असाल तर लोखंडी पाइपापासून चार पावलं लांब उभं राहून बघा, जवळ गेलात की ते खोटं सांगतं.

उंची मोजायला माझ्या पिशवीत महागडं यंत्र नाही. शाळेच्या कंपासपेटीतला ३०-६० चा गुण्या आहे. डिशपाशी उभे राहा, तोंड आग्नेयेला करा, गुण्याची आखूड बाजू जमिनीला समांतर धरा आणि तिरप्या बाजूवरून वर बघा. ती रेघ म्हणजे ६० अंश, महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला पुरेशी जवळची. त्या रेघेत मोकळं आकाश दिसलं तर वाट मोकळी. पान दिसलं तर दोष सापडला. आकड्यात सांगायचं तर दहा मीटरवरचं झाड डिशपेक्षा साधारण सतरा मीटर उंच असेल तेव्हाच आडवं येतं. घराला खेटून वाढलेला साग सहज तेवढा होतो.

झाड आडवं असेल तर तोडायची गरज सहसा पडत नाही. डिश हलवा. आणि इथे जुन्या अँटेन्याची सवय आपल्याला फसवते. तो अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्याकडे बघायचा, म्हणून जितका उंच तितका चांगला. उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर आहे, त्याला तुमच्या घराची दहा फुटांची उंची कळत नाही. आग्नेयेचं आकाश मोकळं असेल तर अंगणातली डिश छपरावरच्या डिशइतकीच चालते. वयस्कर माणसांच्या घरी तर मी आता छपरावर डिश लावतच नाही. अंगणाच्या कडेला, गुरं आणि पोरं धडकणार नाहीत अशा जागी, काँक्रीटमध्ये दीड इंची पाइप उभा करतो. फडक्याने पुसायला, कनेक्टर बघायला हात पोहोचतो. बाबांना प्रत्येक वेळी दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही. माझ्या मते तुमच्या घरी हाच खरा उपाय आहे.

पाइप उभा करताना ओळंबा लावा, गवंडी भिंतीला लावतो तसाच. पाइप तिरका असेल तर छत्री आडवी फिरवताना उंचीही बदलत जाते आणि उपग्रह हाती लागत नाही. मग उंची ५९ च्या आसपास पक्की करून छत्री आडवी अगदी हळू फिरवा, बोटाच्या रुंदीएवढी सरकवा, थांबा, बॉक्सला पट्टी दाखवायला दोन-तीन सेकंद द्या. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची कड अर्धा सेंटिमीटर हलली की नेम जवळजवळ एक अंश चुकतो, आणि उपग्रहापाशी एक अंश म्हणजे साडेसहाशे किलोमीटर. क्वालिटी वाढत वाढत जाऊन कमी व्हायला लागली की मागे या. सर्वांत वरच्या जागेवर थांबा, 'चित्र आलं' त्या जागेवर नव्हे. चित्र येणं आणि नेम बसणं यांतला फरक पावसाळ्यात दिसतो. ९५ अंशांवर, म्हणजे जेमतेम दीड अंश बाजूला, दुसऱ्या कंपनीच्या डीटीएचचा उपग्रह आहे. घाईत लोक या दोघांच्या मध्येच कुठेतरी बोल्ट आवळतात. आवळताना १३ नंबरचा पाना दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवा, एकच बाजू आवळली की छत्री कलते.

शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत फिरवा, पुढे-मागे नव्हे, घड्याळाच्या काट्यासारखा. उपग्रह आपल्यापासून वीस अंश पूर्वेला आहे, त्यामुळे त्याची उभी लहर आपल्याकडे तिरकी होऊन येते. एलएनबी नुसता सरळ बसवून सोडून दिला तर बराच सिग्नल वाया जातो. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला थोडा थोडा वळवून क्वालिटी बघा. दोन वेळा एलएनबी बदलला गेला, पण तो फिरवून बघितला का, हे बाबांना विचारा. माझा अंदाज आहे, नाही.

तुम्ही जाता जाता विचारलंत की इतर चॅनल असताना सह्याद्री दिसत नाही. त्याचा पावसाशी संबंध नसेलही. फ्री डिशवर खासगी चॅनलच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि यादी बदलत राहते, म्हणून वरचेवर ऑटो स्कॅन करावं लागतं. त्याआधी बॉक्समध्ये एलएनबीची निवड ९७५०-१०६०० आहे ना ते बघा. तसंच काही चॅनल एमपेग-४ या चित्र पाठवायच्या नव्या पद्धतीत येतात आणि जुन्या एमपेग-२ बॉक्सवर ते दिसतच नाहीत. बॉक्स बदलायला खरं कारण असेल तर ते हेच.

गणपतीला गावी जालच. तेव्हा एका दुपारचं हे काम आहे. येताना मुंबईहून वीस मीटर अखंड आरजी-६ केबल, चार चांगले कनेक्टर, रबरी टेप, १३ चा पाना आणि मुलाच्या कंपासपेटीतला गुण्या घेऊन या. सणात इथली दुकानं बंद असतात. पाइप आधीच गवंड्याकडून उभा करून घ्या, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत काँक्रीट धरलेलं असेल. विजा चमकायला लागल्या की बॉक्सची पिन आणि केबल दोन्ही काढून ठेवायचं आईला सांगून ठेवा. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात आमच्याकडे सर्वांत जास्त बॉक्स येतात ते जळलेलेच.

आणि बाबांसाठी एक काम ठेवा. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत, सकाळी अकराला थोडा वेळ असताना, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातही येतो, तेव्हा अकरा वाजून गेल्यावर. त्या पाच-दहा मिनिटांत चित्र बिघडलं तर घाबरायचं नाही, सूर्याचा स्वतःचा गोंगाट डिशमध्ये शिरलेला असतो. पण त्याच वेळी अंगणात जाऊन छत्रीकडे बघायचं. तिच्यावर लख्ख ऊन असेल तर उपग्रहापर्यंतची वाट मोकळी आहे. सागाच्या एखाद्या पानाची सावली छत्रीवर हलताना दिसली, तर नेमकी तीच फांदी वाटेत आलेली आहे, आणि तेवढीच उतरवायची.